जुनी किंवा स्वस्तातली चेनसॉ अपेक्षेपेक्षा चांगली का चालते?

पूर्णाकाठ (वसमत, जि. हिंगोली)

सर्वांना नमस्कार. माझी शेती वसमत तालुक्यात आहे. आमच्याकडे फेब्रुवारीत हळद काढणीला आली की पुढचे दोन महिने हळद शिजवायच्या कुकरखालच्या जाळाला लाकूड पुरवणे हे एक स्वतंत्र कामच होऊन बसते. ओढ्याकाठची वेडी बाभूळ, बांधावरची वाळलेली सुबाभूळ आणि वादळात उन्मळून पडलेली साधी बाभूळ यांवर आमचे भागते. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे सगळे कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या करवतीने चालत असे. पण त्या कामाला आता माणूस मिळत नाही, आणि मिळालाच तर वाळलेल्या बाभळीच्या बुंध्यावर एक दिवस घाम गाळल्यावर दुसऱ्या दिवशी तो येत नाही.

म्हणून मी तीन हंगामांपूर्वी सात हजार रुपयांच्या आतली एक चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, घेतली. तिच्यावर ५८ सीसी असे लिहिलेले आहे आणि पाते, म्हणजे जिच्या कडेने साखळी फिरते ती पट्टी, २२ इंची आहे. नाव म्हणावे असे काही नाही; हीच मशीन वेगवेगळ्या रंगांत आणि वेगवेगळ्या नावांनी बहुतेक दुकानांत दिसते. विकणाऱ्यानेच मला सांगितले होते की एक हंगाम निघाला तर पैसे वसूल समजा. आज तिसरा हंगाम संपत आला आहे. या काळात मी दोन साखळ्या, एक प्लग आणि स्टार्टरची दोरी एवढेच बदलले आहे, आणि वाळलेल्या बाभळीचे वीतभर जाडीचे लाकूड ती अजूनही न अडखळता कापते.

दुसरी गोष्ट मला याहून नवलाची वाटली. मामांच्या आखाड्यावर एक जुनी, अंगाने जड चेनसॉ आठ-नऊ वर्षे गोणपाटात गुंडाळून पडलेली होती. मामांनी ती एका लाकूड ठेकेदाराकडून जुनीच घेतली होती, त्यामुळे तिचे वय आज तीस वर्षांच्या पुढेच असावे. तिच्या सिलिंडरची क्षमता १०६ सीसी असल्याचे मामा सांगतात. टाकीत वाळून चिकटलेले तेल धुऊन काढले, प्लग घासला, ताजे पेट्रोल घातले आणि आठव्या की नवव्या ओढीला ती सुरू झाली. योगायोगाने त्याच दिवशी शेजारी आपली नवी, माझ्या मशीनच्या सहापट किमतीची चेनसॉ घेऊन आले होते. पडलेल्या कडुलिंबाच्या एकाच खोडावर, हातभर अंतर सोडून, आम्ही तिन्ही मशीन चालवून पाहिल्या. मामांची जुनी मशीन सगळ्यांत आधी पार झाली, त्यानंतर माझी, आणि नवी मशीन शेवटी.

नवी मशीन वाईट आहे असे मला अजिबात म्हणायचे नाही. पण हे असे का झाले, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. स्वस्त मशीन टिकली यात माझ्या हातून काही बरोबर घडले की केवळ नशीब, आणि मामांच्या मशीनवर आता दोन पैसे खर्च करावेत की तिला पुन्हा गोणपाटात ठेवावे, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

मोंढ्यातला मिस्त्री (नांदेड)

पूर्णाकाठ भाऊ, मी गेली वीस वर्षे पंप, फवारे आणि चेनसॉ दुरुस्त करतो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. आपण त्या दिवशी तीन इंजिनांची शर्यत लावली असे आपल्याला वाटले. पण माझ्या मते ती तीन साखळ्यांची शर्यत होती.

चेनसॉच्या साखळीचा प्रत्येक दात हा सुताराच्या रंध्यासारखा असतो. रंध्याचे पाते किती बाहेर काढले आहे यावर लाकडाची किती जाड साल निघणार हे ठरते. तसेच इथे दाताच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो, त्याला गेज म्हणतात, आणि तो धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटरने खाली असावा लागतो. दाताची धार बोथट झाली की दात लाकडात शिरत नाही, नुसता घासत राहतो. उलट बाजूने, धार लावून लावून दात झिजत मागे सरकला आणि गेज मात्र तेवढाच उंच राहिला, तर धार कितीही तल्लख असली तरी ती लाकडापर्यंत पोहोचतच नाही. शेजाऱ्यांच्या मशीनखाली त्या दिवशी पिठासारखा बारीक भुसा पडत होता की जाड, चुरमुऱ्याएवढ्या कपच्या, हे आठवून पाहा. पीठ पडत असेल तर इंजिनाला दोष देण्याचे कारण उरत नाही. नवी साखळी सुद्धा एकदा मातीला टेकली की दोन सेकंदांत मरते. आपल्याकडे पडलेल्या झाडाच्या खालच्या अंगाला काळी माती लिंपलेली असते, आणि पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात पाते आरपार नेऊन जमिनीत घालणे हे दर दुसऱ्या नव्या मालकाकडून घडते.

ही आजची साखळी किती विचाराने घडली आहे हे सांगण्याचा मोह आवरत नाही. पूर्वीच्या साखळ्यांचे दात करवतीसारखे सरळ होते आणि ते लाकूड ओरबाडत. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका भुंग्याची अळी लाकूड कसे पोखरते हे बारकाईने पाहिले. ती डावी-उजवीकडे आलटून पालटून चावत पुढे जात होती. त्यावरून त्याने डावा दात, उजवा दात अशी रचना केली आणि १९४७ मध्ये ती साखळी बाजारात आणली. आज सात हजारांच्या मशीनवर आणि साठ हजारांच्या मशीनवर जी साखळी चढते, तिची मूळ कल्पना हीच आहे. म्हणजे लाकूड कापण्याचे खरे काम जो भाग करतो, त्यात स्वस्त आणि महाग यांतले अंतर किमतीएवढे नाही, आणि थोडीशी कानस मारता येणाऱ्या माणसाला ते जवळपास पुसूनही टाकता येते.

आता आपल्या मशीनच्या इंजिनाकडे वळतो. या बिननावाच्या मशीनचा आराखडा कोणी नव्याने काढलेला नाही; जपानच्या झेनोआ कंपनीच्या जुन्या मशीनवर तो बेतलेला आहे, आणि वर्षानुवर्षे वापरात राहिल्याने त्यातल्या खोडी सगळ्यांना माहीत झालेल्या आहेत. ५८ सीसी हा आकडा मात्र मनावर घेऊ नका. माझ्याकडे आलेल्या अशा मशीनचा सिलिंडर मी मोजलेला आहे, व्यास ४५.२ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ३४ मिलिमीटर, म्हणजे हिशेबाने साडेचोपन्न सीसी होतात. तेही चांगलेच आहेत, पण त्यावर २२ इंची पाते हा जास्तीचा बोजा आहे. एवढी लांब साखळी नुसती ओढण्यातच इंजिनाची बरीच ताकद जाते, आणि तेलाचा छोटा पंप टोकापर्यंत तेल पोहोचवू शकत नाही, त्यामुळे पात्याचे टोक तापून निळे पडते. आपण १८ इंची पाते बसवा. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचे माप) साखळीत त्याला बहुधा ७२ कड्या लागतात, तरी नवी साखळी घेताना जुन्या मापावर विसंबू नका, पात्यावर कोरलेला आकडा वाचूनच घ्या. हा बदल केल्यावर तीच मशीन आपल्याला दुसरी वाटेल.

आपली मशीन टिकली यात नशीब थोडे आणि आपला हात जास्त असावा असा माझा अंदाज आहे, कारण या मशीन मरतात त्या बहुतेक एकाच कारणाने. हादऱ्यांनी सायलेन्सरचे आणि कार्बोरेटरमागच्या रबरी नळकांड्याचे स्क्रू ढिले होतात. नळकांड्याजवळून फुकटची हवा आत शिरली की पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे मिश्रण तयार होते, इंजिन विनाकारण जोरात किंचाळू लागते, मालकाला वाटते आज मशीन छान पळते आहे, आणि अर्ध्या तासात पिस्टन सिलिंडरला चिकटतो. टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलबरोबरच येते. पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, हे कायम लक्षात ठेवा. मी माझ्या गिऱ्हाइकांना नवी मशीन सुरू करण्याआधी हे सगळे स्क्रू एकदा काढून, थ्रेड लॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावून परत घट्ट करायला सांगतो.

तेलाच्या प्रमाणाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर टू-टी तेल, म्हणजे २५ ला १, हे या मशीनसाठी योग्य आहे. पण काही जण मशीन वाचावी म्हणून ७०-८० मिलिलिटर ओततात. तेल वाढले की त्याच मापात पेट्रोल कमी होते, म्हणजे मिश्रण उलट कोरडे होते, शिवाय प्लगवर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरते. भरपूर तेल घालून कोणी मशीन वाचवलेली मी पाहिलेली नाही.

---

बालाघाट (बीड)

मिस्त्री दादांनी साखळीबद्दल लिहिले ते अक्षरशः खरे आहे. मी मामांच्या मशीनबद्दल लिहितो, कारण आमच्या घरी तशीच एक आहे आणि माझा तिच्यावर जीव आहे.

आपण दिलेले वर्णन आणि १०६ सीसी हा आकडा यांवरून ती स्टिल कंपनीची ०७० ही मशीन असावी. ५८ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि ४० मिलिमीटरची चाल, असे ते मोठे इंजिन आहे. आजच्या व्यावसायिक मशीन मिनिटाला तेरा-चौदा हजार फेऱ्यांपर्यंत जातात. ही त्यांच्या मानाने बरीच सावकाश फिरते, पण लाकडात दाबली तरी तिचा आवाज खाली येत नाही. बैलाच्या आणि घोड्याच्या चालीत जो फरक असतो तो इथे दिसतो. जाड, ओल्या खोडात हीच ताकद उपयोगी पडते, आणि तिची साखळीही मोठ्या, ०.४०४ इंच पिचची असते, त्यामुळे प्रत्येक दात लाकडाचा मोठा घास घेतो. आपल्या कडुलिंबाच्या खोडावर ती पहिली आली यात मला काहीच नवल वाटले नाही. वीतभर जाडीच्या फांदीवर तीच शर्यत लावली असती तर निकाल कदाचित उलटा लागला असता.

आमची मशीन वडिलांनी सीताफळाच्या आणि आंब्याच्या जुन्या बागेच्या कामासाठी घेतली होती. ती बंद पडल्यावर मी तिचा कार्बोरेटर प्रथमच स्वयंपाकघरातल्या ताटात उघडला. चार स्क्रू काढून झाकण उचलले तर आतला पडदा, जो बोटाने दाबल्यावर कापडासारखा हलायला हवा, तो वाळलेल्या पापडासारखा कडक झाला होता आणि नखाने उचलताच त्याची एक कड तुटून ताटात पडली. जाळीवर चहाच्या रंगाचा डिंकासारखा थर होता. पडदे, सुई आणि पेट्रोलची नळी एवढेच नवे घातले, आणि मशीन सुरू झाली. वडील त्या वेळी अंगणात होते. आवाज ऐकून ते आत आले आणि काही न बोलता बराच वेळ तिच्याकडे पाहत उभे राहिले.

आपली मशीन सुरू झाली असली तरी हे तीन भाग आताच बदला, असे मी आग्रहाने सांगेन. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि त्या काळात बनलेली रबरे इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली नव्हती. ती आधी फुगतात आणि मग चिरतात. काम संपले की टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधले पेट्रोल संपून मशीन स्वतःहून बंद पडेपर्यंत ती चालू ठेवावी. महिनाभर भरलेली टाकी तशीच ठेवणे हे जुन्या मशीनचे सगळ्यांत मोठे नुकसान आहे. याशिवाय क्रँकच्या दोन्ही बाजूंची सील तपासून घ्या. मशीन गरम झाल्यावर रेस आपोआप चढत असेल आणि बटण सोडल्यावरही लगेच खाली येत नसेल, तर सील गेली आहेत असे समजून मशीन त्या क्षणी बंद करावी.

आता जे लिहितो आहे ते कृपया गांभीर्याने घ्या. या मशीनला चेन ब्रेक, म्हणजे फिरती साखळी क्षणात थांबवणारा ब्रेक, नसतो. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला किंवा मागच्या फांदीला लागला की मशीन एका क्षणात वर, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळते, आणि तेव्हा मनुष्याला हात हलवण्याएवढाही वेळ मिळत नाही. हुस्क्वार्ना कंपनीने १९६९ मध्ये हादरे शोषणारे हँडल आणि १९७३ मध्ये झटका बसताच आपोआप लागणारा ब्रेक आणला. आपल्या स्वस्त मशीनवर समोर जी पंजासारखी दांडी आहे ती त्याच ब्रेकची आहे. लाकूड कापण्यात जुनी मशीन नव्या मशीनला मागे टाकू शकते, पण चालवणाऱ्याला सांभाळण्यात नाही. हादऱ्यांचेही तसेच आहे. सलग तासभर चालवल्यावर माझी बोटे बधिर होऊन पांढरी पडत, म्हणून आता मी वीस मिनिटांनंतर मशीन खाली ठेवतो. उभे झाड पाडायला, शिडीवर चढून किंवा खांद्याच्या वर धरून ही मशीन कधीही वापरू नये. जमिनीवर आडव्या पडलेल्या जाड खोडाचे तुकडे करणे, एवढेच काम तिला द्यावे, आणि ते ती अजून वीस वर्षे करील.

---

मोसंबीचा बाग (जालना)

माझा अनुभव लहान मशीनचा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. २०१२-१३ च्या दुष्काळात आमची मोसंबीची निम्मी बाग वाळली. ती झाडे काढण्यासाठी मी साधारण ३५ सीसीची, १४ इंची पात्याची, घरगुती कामासाठी म्हणून विकली जाणारी मशीन घेतली होती. दुकानात सगळ्यांनी ती खेळण्यासारखी आहे असे सांगितले. मोसंबीचे लाकूड घट्ट असते, पण खोड जाड नसते, आणि एवढ्या कामाला ती पुरून उरली. आज दहा वर्षांहून अधिक काळ छाटणीसाठी तीच वापरतो. तिच्या साखळीला ४ मिलिमीटरची कानस लागते. मी पेट्रोलची टाकी संपली की दर वेळी प्रत्येक दाताला दोन-तीन हात मारतो, आणि याहून अधिक काही केलेले नाही. मशीन हलकी असली की माणूस कमी थकतो आणि कमी थकलेला माणूस जास्त काळजीने कापतो, हे मला मोठ्या मशीनच्या चर्चेत नेहमी राहून जाते असे वाटते.

---

तेरणाकाठ (लोहारा, जि. धाराशिव)

चर्चा उत्तम चालली आहे, पण माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा असल्याने तो मांडणे मला आवश्यक वाटते. पूर्णाकाठ यांच्यासारखीच मशीन मीही घेतली होती, आणि ती अकराव्या दिवशी चिकटली. मिस्त्री यांनी लिहिले आहे तसेच झाले. सकाळपासून ती नेहमीपेक्षा जोरात पळत होती, मलाही त्याचा आनंद वाटला, आणि दुपारी एकदम बंद पडून स्टार्टरची दोरी ओढता येईना. उघडून पाहिली तेव्हा कार्बोरेटरमागचा एक स्क्रू जागेवर नव्हताच आणि पिस्टनवर उभ्या रेघा उमटल्या होत्या. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी मला चुकीचे पेट्रोल वापरल्याचा दोष दिला आणि सुटा भागही दिला नाही. स्वस्त मशीन चांगली चालते हे मान्यच आहे, पण तिची शेवटची जुळणी कारखान्यात झालेली नसते, ती आपल्याला करावी लागते, हे विकणाऱ्याने सांगायला हवे, आणि ते कोणी सांगत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. नंतर मी नवा सिलिंडर-पिस्टनचा संच मागवून स्वतः बसवला. त्याला दोन हजारही लागले नाहीत, आणि तेव्हापासून तीच मशीन चालू आहे. एवढ्या कमी खर्चात इंजिनाचा गाभाच नवा करता येणे, हे या मशीनचे मोठे बलस्थान आहे.

माझे काम थोडे वेगळे आहे. आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मातीच्या जड माळवदांची लोकांनी धास्ती घेतली आणि पुढच्या काळात अनेक वाड्यांची माळवदे उतरवली गेली. त्यांच्या सागवानी आणि बाभळीच्या तुळया अजूनही लोकांच्या गोठ्यांत, भिंतीला टेकवून ठेवलेल्या आहेत. त्या कापून चौकटी किंवा बाज करण्यासाठी मला बोलावतात. शंभर वर्षे सावलीत राहिलेले हे लाकूड इतके कडक होते की पहिल्या कापातच साखळीची परीक्षा होते, आणि त्यात लोहाराने घडवलेले चौकोनी खिळे आतवर गेलेले असतात, ज्यांची डोकी झिजून लाकडाच्याच रंगाची झालेली दिसतात. एकदा अशा खिळ्याला साखळी लागली; एक निळसर ठिणगी उडाली, आणि नंतर पाहिले तर एका बाजूच्या अकरा दातांची कोपऱ्यावरची धार पार गोल झाली होती. आता मी आधी तुळईवरून एक मोठे लोहचुंबक दोरीला बांधून फिरवतो. जिथे ते ओढ घेते तिथे खडूने फुली मारतो आणि काप त्याच्यापासून चार बोटे दूर घेतो.

एका बाजूचे दात बोथट आणि दुसऱ्या बाजूचे धारदार राहिले तर काप सरळ उतरत नाही, वळत जातो, आणि लोक पाते वाकले म्हणून ते बदलतात. पाते बदलण्याआधी डाव्या आणि उजव्या दातांची लांबी मोजून सारखी करावी.

---

पूर्णाकाठ (वसमत, जि. हिंगोली)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण लिहिण्याआधी जे सांगितले ते करून पाहावे असे ठरवले होते.

मिस्त्री दादा, शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या साखळीवर भिंग धरून पाहिले. आपला अंदाज बरोबर होता. दाताच्या टोकावर जिथे एकच तीक्ष्ण रेघ दिसायला हवी तिथे चमकणारी, जवळपास अर्धा मिलिमीटर रुंदीची पट्टी दिसत होती. दाताच्या मापाची कानस घेऊन, आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारखे हात मारत आम्ही दोघांनी ती तासाभरात नीट केली. उजव्या बाजूचे दात मला नेहमी कमी जमतात, म्हणून तिथे एक हात जास्त मारला. त्यानंतर त्यांची मशीन त्याच कडुलिंबाच्या उरलेल्या खोडात अशी उतरली की आमच्या दोन्ही मशीनना तिने मागे टाकले. ते पाहून शेजारी खूश झाले, आणि मलाही बरे वाटले, कारण चाळीस हजारांच्या आसपास खर्च केलेल्या माणसाच्या मनातली खंत गेली.

माझ्या मशीनला १८ इंची पाते बसवले. वाळलेल्या बाभळीचा १४ इंच जाडीचा एकच ओंडका निवडून दोन्ही साखळ्यांना सारखीच धार लावून, आधी जुन्या आणि मग नव्या पात्याने, प्रत्येकी तीन काप घड्याळ लावून घेतले. लांब पात्याला सरासरी ४१ सेकंद लागले, लहान पात्याला ३२. याहून मोठा फरक असा की पात्याचे टोक आता हाताला चटका देत नाही आणि पांढऱ्या कागदासमोर धरून रेस दिली तर त्यावर तेलाची बारीक रेघ स्पष्ट उमटते. स्क्रू तपासताना सायलेन्सरचा एक स्क्रू बोटाने फिरेल एवढा ढिला सापडला. तेरणाकाठ यांची हकिकत वाचली नसती तर मी तो भाग उघडलाच नसता.

मामांच्या मशीनचे पडदे, सुई आणि नळी बदलून घेतली. आतला पडदा बालाघाट यांनी लिहिल्याप्रमाणेच निघाला, फक्त आमचा तुटला नाही, वाकवल्यावर कडकडला. सीलची शंका आली म्हणून गरम झाल्यावर दहा मिनिटे लक्ष ठेवले, पण रेस चढली नाही. ही मशीन मी यापुढे फक्त जमिनीवरच्या जाड खोडांसाठी वापरणार आहे, आणि घरातल्या धाकट्यांना तिला हात लावायचा नाही असे स्पष्ट सांगितले आहे. मामांनी मागच्या अवकाळीत पडलेल्या चिंचेचे खोड तिच्यासाठी राखून ठेवले आहे. चिंच हे तोडायला परवानगी लागणाऱ्या झाडांच्या यादीतले झाड असल्याने, ते पडलेले असले तरी कापण्याआधी वन विभागाकडे अर्ज केलेला आहे.

एक प्रश्न राहिला. साखळीवर मी आतापर्यंत ट्रॅक्टरचे काढलेले जळके तेल वापरत आलो. गावात सगळेच तसे करतात. त्याने खरोखर काही बिघडते का?

---

मोंढ्यातला मिस्त्री (नांदेड)

भाऊ, बिघडते. त्या तेलात धातूचा बारीक कीस असतो. तो आधी तेलाचा पंप झिजवतो आणि मग पात्याची खाच रुंद करतो, त्यामुळे साखळी आडवी डुलू लागते. शिवाय ते तेल फवाऱ्यासारखे आपल्याच हातांवर आणि कपड्यांवर उडते, आणि कातडीसाठी ते चांगले नाही. साखळीचे खास तेल मिळाले तर उत्तमच; नाही मिळाले तर उन्हाळ्यात ४० नंबरचे साधे, नवे इंजिन तेल वापरा. एवढ्या वर्षांच्या जळक्या तेलाचा चिखल पात्याच्या तेल येण्याच्या छिद्रात साचलेला असेल, तो बारीक तारेने काढा, आणि खाच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खरवडून साफ करा. पाते दर वेळी उलटे करून बसवत जा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. काम संपल्यावर साखळी थोडी ढिली करून ठेवायलाही विसरू नका. गरम असताना ताणलेली साखळी गार होताना आखडते आणि तिचा सगळा ओढा रात्रभर क्रँकच्या बेअरिंगवर पडतो.